फूलबाग आणि गंगादासबाबांची शाळा

ग्वाल्हेरचे लष्कर ही मुळात दौलतराव शिंद्यांची छावणी. १८१० साली ती येथे पडली व तिचेच पुढे नगर झाले. या नगरातील फूलबाग आज सर्वांस खुली आहे. माधवराव शिंद्यांच्या कारकीर्दीत (१८८६–१९२५) तिच्या परिसरात गोपाळमंदिर, मशीद, गुरुद्वारा व थिऑसॉफिकल सोसायटीचे भवन ही शेजारी शेजारी नांदू लागली. जन्माष्टमीस गोपाळकृष्णाला संस्थानकालीन रत्नालंकार चढवितात, तेव्हा दर्शनास शहर लोटते.

परंतु या आनंदभूमीजवळच एक चिता पेटली होती. जून १८५८ मध्ये राणी लक्ष्मीबाई रणात घायाळ झाल्या. त्यांचा देह इंग्रजांच्या हाती पडू नये म्हणून गंगादासबाबांच्या ‘बड्या शाळे’तील, म्हणजे मठातील, साधूंनी शस्त्रे उचलली. त्यात ७४५ साधू कामी आले, असे मठपरंपरा सांगते. त्यांचे ते झुंजणे राज्यासाठी नव्हते. आश्रयास आलेल्याच्या रक्षणासाठी होते.

राणीच्या समाधीपाशी दरवर्षी जूनमध्ये मेळा भरतो. फुलांच्या वाटेने तेथे जाणाऱ्या भाविकाने त्या अनामिक साधूंचेही स्मरण करावे. मठाचे दार उघडे ठेवण्याचे मोल त्यांनी प्राणांनी चुकविले आहे.