उपाशी मातेची शिदोरी



डास माणसाचे रक्त पितो, असे आपण सहज म्हणतो. वस्तुतः रक्त पिते ती मादी, आणि तेही अंड्यांसाठी. रक्तातल्या प्रथिनांवाचून बहुतेक जातींत अंडी पिकतच नाहीत. मग जेथे रक्ताचाच दुष्काळ, तेथे वंश चालावा कसा?

या प्रश्नाचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. डेन्मार्कच्या राजाने पाठविलेल्या मोहिमेतील निसर्गशास्त्रज्ञ पीटर फोर्स्कोल याने इजिप्तमधल्या एका उपद्रवी डासाची नोंद केली. 1763 साली येमेनमध्ये हिवतापाने त्याचा अंत झाला. त्याच वर्षी मुंबईस पोहोचलेला त्याचा सहप्रवासी नीबुर याने पुढे 1775 मध्ये ती टिपणे छापविली. त्या डासाचे नाव ‘क्युलेक्स मोलेस्टस’.

1929 साली फ्रान्समधील रूबो या संशोधकाने दाखविले की, या प्रकारच्या डासांची मादी रक्ताचा थेंबही न घेता पहिली अंडी घालते. कशाच्या बळावर? अळी असताना घाण पाण्यात खाऊन साठविलेल्या शिदोरीवर! अंडी थोडी होतात खरी. पुढच्या खेपेस मात्र तिलाही रक्त लागतेच. पण रक्ताची वाट पाहणाऱ्या माद्या जेथे निःसंतान मेल्या, तेथे या काटकसरी मातांची संतती उरली. पिढ्यान्‌पिढ्या हीच निवड होत गेली.

1940-41 च्या बॉम्बवर्षावात लंडनकरांनी भुयारी रेल्वेच्या स्थानकांत आसरा घेतला, तेव्हा याच डासांनी त्यांना फोडून काढले. 1999 मध्ये बर्न आणि निकोल्स यांनी दाखविले की, भुयारातील डास वरच्या डासांहून आनुवंशिक दृष्ट्या वेगळे आहेत. भुयारी रेल्वे तर 1863 ची. तेव्हा शंभर-सव्वाशे वर्षांत नवा जीव घडला, अशी कथा सर्वतोमुखी झाली.

पण सुंदर कथा खरी असतेच असे नाही. 2025 साली शेकडो डासांच्या जनुकांची तुलना झाली, आणि हा डास हजार वर्षांहून जुना, भूमध्य समुद्र व मध्यपूर्वेकडचा, बहुधा प्राचीन इजिप्तचा, असे दिसून आले. म्हणजे त्याला भुयाराने घडविले नाही. माणसाच्या वस्तीजवळ तो आधीच घडला होता. भुयाराने त्याला फक्त घर दिले.

श्रोतेहो, निसर्गाची घाई आपण आपल्या उतावीळपणाने मोजू नये. आणि दुसरे असे की, आपण साचू दिलेल्या प्रत्येक सांडपाण्यात कुणा उपाशी मातेची शिदोरी बांधली जात असते!