पोलादावरचे नाव

दादामियाँ सुतारकाम करीत. त्यांच्या माघारी अब्बांनी हत्यारांची पेटी विकू दिली नाही. गेल्या उन्हाळी सुटीत मी ती उघडली. पटाशीवर 'शेफील्ड', पकडीवर 'वेस्ट जर्मनी', सर्वांत नव्या पान्यावर 'इंडिया'. वेस्ट जर्मनी हा देश 1990 पासून नकाशावर नाही. पक्कड मात्र अजून खिळा सोडत नाही.

विलायती म्हणजे अस्सल, जपानी म्हणजे हलके, देशी म्हणजे कामचलाऊ, अशी वाटणी मी लहानपणापासून ऐकली आणि मानलीही. वर्गात इतिहास शिकवू लागलो तेव्हा ती डळमळली.

मुळात देशाचे नाव हत्यारावर आले ते बदनामीसाठी. जर्मनीतल्या झोलिंगेनच्या सुऱ्या-कात्र्या शेफील्डचे नाव लावून विकल्या जातात, अशी इंग्रज कारखानदारांची तक्रार होती. 1887 मध्ये ब्रिटनने कायदा केला. परका माल परका म्हणून ओळखू यावा आणि गिऱ्हाइकाने नाक मुरडावे, हा हेतू. हिंदुस्थानातही 1889 मध्ये तसाच कायदा आला. पण जर्मन माल सुधारत गेला आणि ज्या शिक्क्याने लाज आणायची, तोच हमी होऊन बसला. 1896 मध्ये अर्नेस्ट विल्यम्स यांना जर्मन मालाच्या धास्तीने 'मेड इन जर्मनी' नावाचे अख्खे पुस्तक लिहावे लागले!

आता शेफील्डचेच पाहा. 1740 च्या दशकात बेंजामिन हंट्समन या घड्याळजीने मातीच्या मुशीत पोलाद वितळवले आणि ते एकजीव झाले. त्यावर शेफील्डची कीर्ती उभी राहिली. मुशीतले पोलाद दक्षिण हिंदुस्थानात मात्र शेकडो वर्षे आधीपासून होत होते. इंग्रज त्याला 'वूट्झ' म्हणत. अरबीत हिंदी पोलादाच्या तलवारीला 'मुहन्नद' म्हणतात. मुंबईतल्या डॉ. हेलेनस स्कॉट यांनी 1790 च्या दशकात त्याचे नमुने लंडनला पाठवले. 1795 मध्ये जॉर्ज पिअर्सन यांनी रॉयल सोसायटीत त्यावर निबंध वाचला आणि पुढे मायकेल फॅरेडेनेही त्यावर प्रयोग केले. तिकडे प्रयोग चालले, इकडे स्वस्त विलायती पोलाद आले आणि भट्ट्या विझत गेल्या. मुलांना हे सांगताना माझा आवाज चढतो, हे कबूल करतो.

जपानी म्हणजे हलके, हेही अर्धेच खरे. स्वस्त निर्यातीचा माल आपण पाहिला. त्यांच्या सुताराची पटाशी वेगळीच असते: मऊ लोखंडाला धारेपुरते कडक पोलाद जोडलेले. 1876 मध्ये तिथे तलवार बाळगण्यावर बंदी आली, तेव्हा काही तलवार घडवणारे हात अशा हत्यारांकडे वळले.

मग जुने ते चांगलेच होते का? दादामियाँच्या पटाशीची धार खरोखर टिकते. पण त्या काळची वाईट पटाशी भंगारात गेली, पेटीत उरली ती चांगलीच, हेही ध्यानात घ्यावे. आज कित्येक जुन्या इंग्रजी-अमेरिकी नावांचा माल चीन-तैवानमध्ये बनतो. जालंधरचे पाने परदेशी जातात. नाशिकच्या तापडिया कंपनीने 1969 मध्ये स्वीडनचे तंत्र घेऊन पकडी-पाने सुरू केले, आणि आज इलेक्ट्रिशियनच्या पिशवीत ते असतातच.

पेटीच्या तळाशी एक तासणी आहे. तिच्यावर कुठल्याच देशाचे नाव नाही. ट्रकच्या कमानपाट्यापासून गावच्या लोहाराने ती घडवली, असे अब्बा सांगतात. लोहाराचे नाव मी विचारले. अब्बांना ते आठवले नाही.