गांधीजी, दूध आणि तुमच्या गोळ्या

शुगरच्या गोळ्या महिनाभर बंद ठेवून आलेला पेशंट आम्हा पुसदच्या डॉक्टरांना नवीन नाही. कारणही ठरलेलं असतं. "गुरुजींनी काढा दिला ना, डॉक्टरसाहेब." अशा वेळी मला गांधीजींच्या दुधाची गोष्ट आठवते. तुम्हीही ऐका.

१९०९ च्या 'हिंद स्वराज्य'मध्ये गांधीजींनी डॉक्टर आणि दवाखान्यांवर सडकून टीका केली. (आम्ही डॉक्टरांनी ती जरूर वाचावी, काही बोल आजही लागू पडतात.) पुढे आफ्रिकेत 'इंडियन ओपिनियन'मध्ये त्यांनी आरोग्यावर लेखमाला लिहिली आणि तिचं पुस्तक झालं. आपल्या लिखाणात हेच सर्वांत जास्त वाचलं गेलं, असं ते स्वतःच सांगत. आईचं दूध सुटल्यावर माणसाला दुधाची गरज नाही, असं त्यात होतं. १९१२ मध्ये त्यांनी स्वतः दूध सोडलं. पुस्तक वाचून इतरांनीही सोडलं.

१९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात त्यांना आमांश झाला. अंगात त्राण उरलं नाही. दुधाशिवाय शरीर भरून येणार नाही, असं मुंबईच्या डॉ. दलालांनी स्पष्ट सांगितलं. गांधीजी व्रतावर अडून बसले. शेवटी कस्तुरबांनी बकरीच्या दुधाची वाट काढली. ते त्यांनी घेतलं, आणि मनाला लागलेली टोचणीही लपवली नाही.

पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. आत्मकथेत त्यांनी वाचकांना चक्क विनंती केली. माझं वाचून दूध सोडलं असेल, तर सर्व बाजूंनी फायदा दिसल्याशिवाय किंवा अनुभवी वैद्य-डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय तो प्रयोग पुढे रेटू नका. पण ज्यानं पहिलं पुस्तक वाचलं आणि आत्मकथा वाचलीच नाही, त्याचं काय? त्याला स्वतःच्या शरीराकडे बघूनच ठरवावं लागणार. वजन घटतंय का, शुगर किती आली, हे गुरूला दुरून दिसत नाही. लहान मुलाचं तर आईबापांनाच बघावं लागतं. टाइप १ मधुमेहाच्या मुलाचं इन्सुलिन थांबलं, तर काही दिवसांतच जीव धोक्यात येतो.

आणखी एक विचारून बघा. गुरुजी स्वतः आजारी पडले की कुठे जातात?

जानेवारी १९२४ मध्ये येरवडा तुरुंगात गांधीजींना अपेंडिक्सचा त्रास झाला. पुण्याच्या ससून हॉस्पिटलात हलवलं. मुंबईहून आपले डॉक्टर येईपर्यंत थांबण्याइतका वेळ नव्हता. कर्नल मॅडॉक या इंग्रज सर्जननं ऑपरेशन करावं, अशी संमती श्रीनिवास शास्त्रींनी लिहून घेतली आणि गांधीजींनी तिच्यावर पेन्सिलीनं सही केली. हात थरथरत होता. ऑपरेशन चालू असताना वीज गेली, तेव्हा उरलेलं काम कंदिलाच्या उजेडात पुरं केलं.