बंदा रुपया, वितळलेले डॉलर आणि प्लास्टिकची डबी

पोस्ट लांब आहे. पण ज्यांच्या घरात आजी-पणजीच्या काळातले चांदीचे रुपये पडून आहेत त्यांनी शेवटपर्यंत वाचावी. विशेषतः गेल्या काही महिन्यांत ज्यांनी ते विकायला काढलेत त्यांनी.

गेल्या वर्षी मला नाणी गोळा करायचा नाद लागला. वय चाळीशी पार, पगार पत्रकाराचा, त्यामुळे बायकोने कपाळाला हात लावला ते सोडा. पहिली मोठी खरेदी केली ती १९३९ सालच्या रुपयाची. सहाव्या जॉर्जचा हा रुपया फार दुर्मिळ मानतात, हे मी नुकतंच वाचलं होतं. ऑनलाइन एक विक्रेता भेटला, फोटो झकास, भाव घासाघीस करून अर्ध्यावर आला. मी खूश. नाणं घरी आलं, आईला दाखवलं. आईने हातात धरलं, उलटंसुलटं केलं आणि विचारलं, "वाजवून घेतलंस का रं?"

फरशीवर टाकलं. बद्द आवाज आला. शेजारी आजीच्या डब्यातला १९१८ चा रुपया टाकला, तो कितीतरी वेळ खणखणत राहिला. दुसऱ्या दिवशी पाटणला सराफाच्या काट्यावर ठेवलं तर वजन ११ ग्रॅमसुद्धा भरेना. विक्रेत्याचा फोन तेव्हापासून बंद आहे.

आईला ग्रेडिंग हा शब्द माहीत नाही, पण तिने एका सेकंदात ते केलं. आपल्याकडे ही पारख काही नवी नाही. पोतदार आडनावाची माणसं आपल्या सगळ्यांच्या ओळखीत असतात. पोतदार म्हणजे खजिन्यात येणारं नाणं खरं की खोटं, कसाचं की हिणकस ते तपासणारा. पेशवाईत एकच एक रुपया नव्हता. पुण्याचा अंकुशी, चांदवडचा चांदवडी, बागलकोटचा मल्हारशाही, शिवाय आणखी किती. प्रत्येकाचा कस वेगळा, भाव वेगळा. एका मुलखातला रुपया दुसऱ्या मुलखात चालवायचा तर सराफ बट्टा कापून घेणार. झिजलेल्या नाण्यालाही बट्टा. नावाला बट्टा लागला असं आपण आजही म्हणतो, तो शब्द या व्यवहारातला. आणि बट्टा किती हे ठरवणार कोण? सराफच. शेतकऱ्याच्या हातात तराजू कधीच नव्हता.

१८३५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने कायदा करून आपल्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला. वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, म्हणजेच एक तोळा. बारा भागांतले अकरा भाग चांदी, एक भाग हिण. असे ८० रुपये तराजूत टाकले की एक शेर. म्हणून जुन्या वाण्यांकडे वजनं नसली तरी अडत नसे, रुपयेच वजन म्हणून टाकायचे. विल्यम, राणी व्हिक्टोरिया, एडवर्ड, पंचम जॉर्ज, मुखवटे बदलले पण वजन आणि कस शंभर वर्षं तोच राहिला. हा आपला बंदा रुपया.

आता आजीच्या डब्यातल्या त्या १९१८ च्या रुपयाकडे येतो. माझे पणजोबा मुंबईला गिरणीत होते. आमच्या खोऱ्यातला निम्मा गाव तेव्हा मुंबईतच असायचा. रजेवर येताना ते कमरेच्या कशात रुपये बांधून आणत. त्यातले सात रुपये आजीपर्यंत पोचले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंपात घर बसलं, तेव्हा दोन दिवसांनी दगडमातीतून जो पत्र्याचा डबा निघाला त्यात हे सात रुपये होते. आजीने पुढे पाच मोडले. घराच्या कौलांसाठी दोन, बाबांच्या शिक्षणासाठी दोन, एक कशासाठी ते कुणालाच आठवत नाही. उरले दोन. त्यातला एक १९१८ चा. मागच्या बाजूला खालच्या कमळाखाली बारीक ठिपका आहे, म्हणजे तो मुंबईच्या टांकसाळीत पडलेला. कलकत्त्याच्या रुपयावर ठिपका नसतो.

१९१८ साली हा रुपया पाडायला चांदी आली कुठून, हे वाचलं तेव्हा मी अक्षरशः खुर्चीतून उठलो.

पहिलं महायुद्ध चालू होतं. ब्रिटिश सरकार हिंदुस्थानातून धान्य, ताग, कातडी, माणसं, सगळं उचलत होतं. आपल्या सातारा जिल्ह्यातल्या एकट्या अपशिंगे गावचे ४६ जवान त्या युद्धात गेले. मालाचे आणि पगाराचे पैसे रुपयांत द्यायचे, आणि लोकांना हवी चांदी. कागदावर कुणाचा विश्वास? ३० नोव्हेंबर १९१७ ला सरकारने पहिल्यांदा एक रुपयाची नोट काढली, पाठोपाठ अडीच रुपयांची. चवली, पावली, अधेली चांदीऐवजी निकेल मिसळलेल्या धातूची केली. तरी भागेना. लोक नोटा घेऊन रुपये मागायला येत होते आणि तिजोरीतली चांदी संपत आली होती. नोटेवर 'मागताच रुपये देऊ' असं वचन होतं. ते मोडलं असतं तर युद्धाच्या ऐन मध्यावर सरकारची पत गेली असती.

तेव्हा अमेरिका धावून आली. फुकट नाही अर्थातच. नेवाडाचे सिनेटर की पिटमन यांच्या नावाचा कायदा २३ एप्रिल १९१८ ला झाला. अमेरिकेच्या तिजोरीत चांदीचे डॉलर पोत्यांनी पडून होते, ते ३५ कोटींपर्यंत वितळवायची परवानगी मिळाली. प्रत्यक्षात वितळले २७,०२,३२,७२२. त्यातल्या २५,९१,२१,५५४ डॉलरची चांदी ब्रिटनला विकली गेली, हिंदुस्थानसाठी. एका डॉलरमध्ये सुमारे २४ ग्रॅम शुद्ध चांदी, आपल्या रुपयात सुमारे १०.७ ग्रॅम. म्हणजे एका डॉलरात सव्वादोन रुपये. हिशोब करा, साधारण ५८ कोटी रुपयांची चांदी झाली ती.

म्हणजे आजीच्या डब्यातल्या रुपयात अमेरिकेच्या डॉलरची चांदी असू शकते. खात्रीने कुणीच सांगू शकणार नाही, वितळलेल्या चांदीला नाव-गाव नसतं.

गंमत पुढे आहे. डॉलर वितळवताना कोणत्या सालचे किती गेले याची नोंद अमेरिकेने ठेवली नाही. त्यामुळे त्यांच्याकडच्या संग्राहकांपुढे शंभर वर्षं एकच कोडं आहे: अमुक सालचे लाखो डॉलर पाडले होते हे पुस्तकात आहे, पण शिल्लक किती? या मॉर्गन डॉलरच्या वेडातूनच तिकडे ग्रेडिंगचा मोठा धंदा उभा राहिला. १ ते ७० अशा गुणांची पद्धत विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये मांडली, तीही तांब्याच्या जुन्या सेंटसाठी. १९८६ मध्ये पीसीजीएस, १९८७ मध्ये एनजीसी या कंपन्या सुरू झाल्या. नाणं पाठवायचं, ते तपासणार, गुण देणार आणि प्लास्टिकच्या डबीत सीलबंद करून, वर नंबर घालून परत देणार. ६० च्या वर म्हणजे न वापरलेलं, टांकसाळीतून आलं तसं. ६३ आणि ६५ मधला फरक माझ्यासारख्याला भिंगातूनही दिसत नाही, पण किमतीत तो कधीकधी दुप्पट-तिप्पट असतो.

थोडक्यात पोतदार परत आलाय. फक्त आता तो अमेरिकेत बसतो आणि बट्टा डबीवर छापून देतो.

आपल्याकडचे नवे संग्राहक आता या डबीच्या मागे लागलेत. मीही लागलो होतो. म्हटलं १९१८ चा रुपया ग्रेड करून घ्यावा. मग एक गोष्ट कळली जी बहुतेक विक्रेते सांगत नाहीत. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षं जुनं नाणं ही पुरावस्तू आहे आणि पुरावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. आजीचा रुपया २०१८ साली शंभरीचा झाला. म्हणजे राणी छाप, एडवर्डचा, पंचम जॉर्जचा १९१८ पर्यंतचा, सगळे यात आले. तेव्हा "साहेब, द्या माझ्याकडे, मी ग्रेडिंगला पाठवून आणतो" असं कुणी म्हणालं तर नाणं देण्याआधी कुठे पाठवणार, कशाच्या आधारावर पाठवणार हे लेखी मागा. डबीतलं नाणं विकत घेत असाल तर वरचा नंबर कंपनीच्या साइटवर टाकून फोटो जुळतो का बघा. डब्यासुद्धा नकली निघतात.

आणि खरं सांगायचं तर आपल्या घरातल्या बहुतेक रुपयांना डबीची गरजच नाही. आपल्या बायकांनी रुपयाला कडी लावून गळ्यात घातले, माळा केल्या. कडी काढली तरी टाक्याची खूण राहते आणि संग्राहकाच्या हिशोबात किंमत तिथेच पडते. दुसरं, विकायच्या आधी चिंच, राख, लिंबू, टूथपेस्ट लावून चकचकीत करायचं. हे आमच्याकडे घरोघर चालतं. घासलेल्या नाण्याला या कंपन्या गुणच देत नाहीत, 'साफ केलेलं' असा शेरा मारून परत पाठवतात. शंभर वर्षांचा काळसरपणा हाच त्याचा दाखला असतो, तो आपण दहा मिनिटांत पुसून टाकतो.

पारख घरीही होते. वजन ११.६६ च्या आसपास हवं, झिजेचं थोडं कमी चालेल. चुंबकाला चिकटता कामा नये. दोरा बांधून पाण्यात बुडवून तोललं तर वजन सुमारे १.१३ ग्रॅमने कमी भरायला हवं, मी सराफाकडे करून बघितलंय, जमतं. १९४० पासूनच्या रुपयात चांदी निम्मीच आहे, ते राणी छापच्या भावात घेऊ नका. १९४७ चा वाघाचा रुपया तर निव्वळ निकेल. १९११ चा मात्र नीट बघा. त्यावर पंचम जॉर्जच्या झग्यावरचा हत्ती इतका आखूड सोंडेचा आला की लोकांना डुक्कर वाटलं, ओरड झाली, सरकारने बरेचसे परत घेऊन वितळवले आणि १९१२ पासून हत्ती दुरुस्त केला. तो डुक्कर छाप रुपया घरात निघाला तर घाई करू नका.

आता दुसरी बाजू. 'जुनं नाणं द्या, लाखो घ्या' अशा जाहिराती मोबाईलवर रोज येतात. आमच्या ओळखीच्या एका निवृत्त कर्मचाऱ्याला एका रुपयाचे साडेतीन लाख देतो म्हणून सांगितलं, आधी फाईल चार्ज, मग कर, मग रिझर्व्ह बँकेचं 'प्रमाणपत्र'. त्यांचे बावीस हजार गेले. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलंय की आम्ही असे व्यवहार करत नाही, कुणाला नेमलेलं नाही, कसलंही शुल्क मागत नाही. हे पत्रक आमच्या खोऱ्यातल्या किती ग्रामपंचायतींच्या फळ्यावर लागलं? मी विचारलं. उत्तरादाखल एका ठिकाणी चहा मिळाला.

आणखी एक. उन्हाळ्यात शिवसागरचं पाणी ओसरलं की बुडालेल्या गावांची जोती उघडी पडतात. तिथे नाणी शोधत फिरणाऱ्यांनी लक्षात ठेवा, जमिनीत दडलेलं १० रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवणं १८७८ च्या कायद्याने बंधनकारक आहे.

आता मला ही पोस्ट का लिहावीशी वाटली ते. चांदीने किलोला लाखाचा टप्पा ओलांडला. लाखाच्या भावाने धरलं तरी एका बंद्या रुपयात हजाराच्या वर चांदी आहे. गेल्या महिन्यात सराफाच्या दुकानात माझ्यासमोर एका बाईंनी सासूची तेवीस रुपयांची माळ मोडीत दिली. मुलाच्या कॉलेजची फी होती, त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. माझ्या आजीनेही कौलांसाठी मोडलेच होते. पण तेवीस रुपये काट्यावर एकत्र गेले. साल कुणी बघितलं नाही, ठिपका कुणी बघितला नाही, त्यात १९११ चा होता का कुणी बघितलं नाही. मी फोटो काढू का म्हणून विचारेपर्यंत ते मुशीत गेले होते.

म्हणून एक विनंती. मोडायचे असतील तर खुशाल मोडा, पण आधी दोन्ही बाजूंचा फोटो काढा आणि साल लिहून ठेवा. मला इनबॉक्समध्ये पाठवले तरी चालेल, नाव-गाव गुप्त राहील. पाटण तालुक्यातल्या घरांत कोणत्या सालचे किती रुपये निघतात याची वही मी सुरू केली आहे. आजपर्यंत ६१ रुपये नोंदवलेत, त्यातले १४ एकट्या १९१८ चे.

आणि हो, पाठवण्याआधी घासू नका.