एकाच साच्यातली भावंडे : जुन्या अमेरिकी मोटारींचे रूपसाम्य

शेव्हरोले, पाँटियाक, ओल्ड्समोबिल, ब्यूक आणि कॅडिलॅक या पाच नाममुद्रांचे विक्रेते वेगळे, जाहिराती वेगळ्या आणि किमतीही चढत्या क्रमाने वेगळ्या होत्या; मालक मात्र एकच, जनरल मोटर्स. फोर्ड, मर्क्युरी आणि लिंकन हे असेच दुसरे कुटुंब. प्लिमथ, डॉज, डिसोटो आणि क्रायस्लर हे तिसरे. या भावंडांच्या चेहऱ्यांतील साम्य योगायोगाचे नव्हते. विसाव्या शतकातील अमेरिकी मोटारधंद्याचे अर्थकारणच त्यावर उभे होते.

१९२३ मध्ये जनरल मोटर्सचे अध्यक्ष झालेल्या आल्फ्रेड स्लोन यांचे धोरण प्रत्येक खिशाला परवडेल अशी एक मोटार देण्याचे होते. शेव्हरोलेपासून सुरुवात करणारा ग्राहक ऐपत वाढेल तसा पायरीपायरीने कॅडिलॅकपर्यंत चढावा, अशी ही शिडी होती. पण पाच पायऱ्यांसाठी पाच संपूर्ण स्वतंत्र मोटारी घडवणे परवडणारे नव्हते. दार, छप्पर, मडगार्ड यांचे पत्रे दाबून काढण्याचे पोलादी साचे अतिशय महाग असतात आणि तो खर्च लाखो गाड्यांवर वाटला गेला तरच भरून निघतो. म्हणून १९२६ मध्ये पाँटियाक बाजारात आली, तेव्हाच तिच्या बांधणीत शेव्हरोलेचे भाग वापरण्याचे ठरले होते. पुढे सांगाड्यांचे आकारमानानुसार ‘ए’, ‘बी’, ‘सी’ असे वर्ग पडले आणि एका वर्गातले सांगाडे अनेक नाममुद्रांनी वाटून घेतले.

आतले साम्य बाहेरून जाणवू न देणे ही मोठी कला होती. १९२७ मध्ये हार्ले अर्ल यांच्या हाताखाली कंपनीने रूपरचनेचा स्वतंत्र विभाग उघडला. समोरची काच, छप्पर आणि दारांचा पाया सामायिक ठेवायचा. पुढची जाळी, दिवे, मागची मडगार्डे आणि क्रोमच्या पट्ट्या मात्र प्रत्येकीच्या स्वतःच्या, असा साधारण रिवाज पडला. पाँटियाकच्या बोनेटवरून धावणारे रुपेरी पट्टे १९३५ पासून १९५६ पर्यंत तिची ओळख राहिले. १९४९ पासून ब्यूकच्या मडगार्डांवर गोल भोके आली. सर्वांत महाग रोडमास्टरला प्रत्येक बाजूस चार, तिच्याहून स्वस्त मॉडेलना तीन. शेजाऱ्याची मिळकत भोके मोजून ताडता येई, असे म्हटल्यास फारसे वावगे ठरणार नाही.

या कलेची सर्वांत अवघड परीक्षा १९५९ साली झाली. १९५६ च्या उन्हाळ्यात क्रायस्लरच्या येऊ घातलेल्या मोटारी जनरल मोटर्सच्या रचनाकारांच्या दृष्टीस पडल्या. व्हर्जिल एक्स्नर यांनी रेखाटलेल्या त्या बुटक्या, लांबट, उंच शेपटीच्या गाड्यांपुढे आपले आराखडे जुनाट दिसतील, हे त्यांनी ओळखले आणि चालू काम बाजूला सारून नव्याने आरंभ केला. वेळ कमी आणि खर्च अफाट. त्यामुळे पाचही नाममुद्रांनी पुढची दारे ब्यूकच्याच आराखड्यावरून घेतली. चार दारांच्या एका प्रकारात तर सपाट छप्पर आणि वळून येणारी मागची काचही पाचही जणींत सारखीच. तरीही रस्त्यावर त्यांची गल्लत होत नसे. शेव्हरोलेच्या शेपटीचे पंख वटवाघळासारखे आडवे पसरलेले, ब्यूकचे तिरपे, तर कॅडिलॅकचे आकाशाकडे उभे ठाकलेले व प्रत्येकात दोन लालभडक दिवे. पाँटियाकची पुढची जाळी मधोमध दुभंगलेली होती, आणि तिची ती खूण नंतरही अनेक वर्षे टिकली. घाईतून जन्मलेले हे वर्ष रूपभेदाचा उत्तम नमुना ठरले, हे नवलच.

फोर्डला हे तितकेसे साधले नाही. १९५८ च्या एडसेलचे स्वस्त प्रकार फोर्डच्या सांगाड्यावर आणि महाग प्रकार मर्क्युरीच्या सांगाड्यावर बेतलेले होते. उभट जाळीचा चेहरा वेगळा होता खरा, पण लोकांना तो रुचला नाही. १९६० ची एडसेल तर जवळजवळ फोर्डच दिसू लागली आणि ती नाममुद्रा बंद झाली.

पुढे काटकसर वाढत गेली, तसा मुखवटा पातळ होत गेला. १९७७ मध्ये ओल्ड्समोबिलच्या काही गाड्यांत शेव्हरोलेचे इंजिन बसवलेले ग्राहकांना आढळले. ‘रॉकेट’ इंजिनाच्या लौकिकावर जास्त पैसे मोजलेल्यांना ही फसवणूक वाटली, खटले झाले आणि कंपनीला भरपाई द्यावी लागली. १९८२ ची कॅडिलॅक सिमरॉन म्हणजे उंची सजावट केलेली शेव्हरोले कॅव्हेलियर; किंमत सुमारे १२ हजार डॉलर, म्हणजे मूळ गाडीच्या जवळपास दुप्पट. ऑगस्ट १९८३ मध्ये ‘फॉर्च्यून’ मासिकाने जनरल मोटर्सच्या चार नाममुद्रांच्या एकाच रंगाच्या गाड्या मुखपृष्ठावर शेजारीशेजारी छापल्या. त्या वेगळ्या ओळखणे कठीण होते. भेद दिसेनासा झाल्यावर जास्त किमतीचे समर्थनही उरेना. प्लिमथ २००१ मध्ये, ओल्ड्समोबिल २००४ मध्ये, पाँटियाक २०१० मध्ये आणि मर्क्युरी २०११ मध्ये बंद पडली.

या इतिहासाचा एक धागा मुंबईतही सापडतो. सोलापूरचे उद्योजक वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सने क्रायस्लरशी करार करून कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज, प्लिमथ आणि डिसोटो या गाड्या जोडल्या. अमेरिकेतील डिसोटो ही प्लिमथहून मोठी व वेगळी गाडी. परदेशी बाजारासाठीची ‘डिसोटो डिप्लोमॅट’ आणि ‘डॉज किंग्जवे’ मात्र मुळात प्लिमथच होत्या. फरक होता तो जाळी, नक्षी आणि नावाच्या पट्टीचा. जुन्या मोटारींच्या मेळाव्यात या तिघी एका ओळीत उभ्या दिसल्या, तर आधी बोनेटवरचे नाव वाचू नये. दाराची रेषा, समोरच्या काचेचा बाक आणि छपराचा उतार पाहावा. नाते तिथे उघड होते.