मोठ्या डीझेल एंजिनांची देखभाल

मोठ्या डीझेल एंजिनांची देखभाल : वीजनिर्मिती केंद्रे, जहाजे, रेल्वे, खाणी, पाणीपुरवठ्याची पंपगृहे इ. ठिकाणी शेकडो ते हजारो अश्वशक्तीची डीझेल एंजिने दीर्घकाळ चालवावी लागतात. ती सुरक्षितपणे व अपेक्षित दक्षतेने चालत राहावीत म्हणून नियमित करावयाची तपासणी, सफाई, मोजमापे, जुळणी व झिजलेल्या भागांची अदलाबदल या सर्वांचा समावेश नित्य देखभालीत होतो. डीझेल एंजिनात सिलिंडरातील हवेचे इतके संपीडन करतात की, तापलेल्या हवेत फवारलेले इंधन ठिणगीवाचून पेटते [⟶ अंतर्ज्वलन-एंजिन]. त्यामुळे दट्ट्याच्या (पिस्टनच्या) कड्या सैल झाल्या, झडपा नीट बसेनाशा झाल्या किंवा इंधनाचा फवारा बिघडला, तर केवळ शक्ती कमी होते असे नाही, तर ज्वलनाची क्रियाच धोक्यात येते. म्हणून या एंजिनाच्या बाबतीत देखभाल ही त्याच्या कार्यतत्त्वाशीच निगडित आहे. गेल्या सव्वाशे वर्षांत ही देखभाल एंजिन वारंवार उघडून पाहण्याच्या पद्धतीपासून ते न उघडता आतील स्थिती ओळखण्याच्या पद्धतीपर्यंत विकसित झाली. हा बदल इंधन, वंगण व काही गंभीर अपघात यांच्या अनुभवातून घडून आला.

प्रारंभीचा काळ : जर्मन अभियंते रूडोल्फ डीझेल (१८५८–१९१३) यांच्या एंजिनाची अधिकृत चाचणी प्राध्यापक मोरिट्स श्रोटर यांनी १७ फेब्रुवारी १८९७ रोजी औग्झबर्ग येथे घेतली. एका सिलिंडराच्या, सु. २० अश्वशक्तीच्या या एंजिनाची औष्णिक दक्षता २६·२ टक्के भरली. तत्कालीन वाफ एंजिनांच्या मानाने ती फारच जास्त होती. तथापि चाचणीच्या वेळी तज्ञांच्या देखरेखीखाली चालणारे यंत्र आणि कारखान्यात सामान्य कामगाराच्या हाती रोज चालणारे यंत्र यांत मोठे अंतर असते, हे लवकरच दिसून आले. पहिल्या काही वर्षांत विकलेल्या एंजिनांत फवारणीचे तोंड चोंदणे, झडपा गळणे, कड्या खाचांत अडकून बसणे असे दोष वारंवार उद्भवले. काही ग्राहकांनी एंजिने परत केली आणि डीझेल यांनी औग्झबर्ग येथे काढलेला कारखाना थोड्याच काळात बंद पडला. नव्या एंजिनाचा प्रसार त्याच्या दक्षतेइतकाच त्याची निगा राखता येण्यावर अवलंबून होता, असा याचा अर्थ होतो.

त्या काळी इंधन सिलिंडरात सु. ५० ते ७० वातावरण दाबाच्या हवेच्या झोताने फवारीत. त्यासाठी एंजिनालाच जोडलेला बहुटप्पी संपीडक लागे. त्याच्या झडपांवर काजळी साचे, शीतक नलिका गळत आणि तापलेल्या नळांत वंगण तेल साचल्यास स्फोट होण्याचा धोका असे. एंजिनचालकाचा पुष्कळसा वेळ एंजिनापेक्षा या संपीडकाची निगा राखण्यातच जाई. १९१० मध्ये इंग्लंडमधील व्हिकर्स कंपनीचे जेम्स मकेचनी यांनी हवेच्या झोताऐवजी केवळ पंपाच्या दाबाने इंधन फवारण्याची पद्धत पुढे आणली. १९२७ मध्ये जर्मनीतील बॉश कंपनीने इंधन पंपांचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले. पुढे संपीडकाची कटकट संपली. परंतु नव्या पंपातील दांडा व त्याचे वेष्टन यांमधील फट मिमी. च्या काही सहस्रांश इतकीच असल्याने इंधनातील बारीक कणही घातक ठरू लागले. देखभालीचा भार कमी न होता तो संपीडकावरून इंधनाची गाळणी व शुद्धीकरण यांच्याकडे सरकला. एक दोष दूर करताना दुसऱ्या ठिकाणी अधिक काळजी घ्यावी लागणे, हे या एंजिनाच्या इतिहासात पुढेही दिसून येते.

ब्रिटनमध्ये १९१३ साली डीझेल एंजिन वापरणाऱ्यांची संघटना स्थापन झाली. एंजिन बनविणाऱ्यांनी नव्हे, तर ते चालविणाऱ्यांनी एकत्र येऊन आपापल्या बिघाडांचे व चालू खर्चाचे अनुभव एकमेकांना सांगावेत, हा तिचा विशेष होता. देखभालीचे ज्ञान वैयक्तिक कसबापुरते न राहता नोंदींच्या स्वरूपात जमा होण्यास अशा प्रयत्नांचा उपयोग झाला.

जहाजांवरील पद्धती : १९१२ मध्ये कोपनहेगन येथे बांधलेले ‘सेलांडिया’ हे महासागरी प्रवास करणारे आरंभीचे यशस्वी डीझेल जहाज होय. त्यावर प्रत्येकी ८ सिलिंडरांची व १,२५० अश्वशक्तीची दोन एंजिने होती. बाष्पित्रात कोळसा टाकणाऱ्या कामगारांची गरज संपली. पण त्यांच्या जागी मोजमापात निष्णात असे थोडे अभियंते आवश्यक झाले. समुद्रात बाहेरून मदत मिळणे शक्य नसल्याने प्रत्येक बंदरात मुक्काम असताना एकेक सिलिंडर उघडून त्यातील दट्ट्या वर काढणे, कड्या साफ करणे वा बदलणे, सिलिंडराच्या अस्तराचा व्यास ठराविक ठिकाणी मोजून झीज नोंदविणे, झडपा घासून बसविणे आणि फवारे चाचणी पंपावर तपासणे अशी पद्धत रूढ झाली.

यांपैकी भुजादंडाची (क्रँकशाफ्टची) तपासणी विशेष महत्त्वाची आहे. भुजादंडाला आधार देणारे धारवे, म्हणजे बेअरिंगे, कमीअधिक झिजली, तर दंड प्रत्येक फेऱ्यात किंचित वाकतो व सरळ होतो आणि अखेर धातूच्या थकव्यामुळे तुटू शकतो. हा दोष डोळ्यांना दिसत नाही. म्हणून दोन भुजांमध्ये तबकडीमापक ठेवून दंड हळूहळू फिरवितात व निरनिराळ्या स्थितींत त्या भुजांमधील अंतर किती बदलते ते पाहतात. हा बदल मिमी. च्या काही शतांश इतकाच असतो. परंतु आधीच्या नोंदींशी तो ताडून पाहिल्यास कोणता धारवा खाली गेला आहे, हे समजते. एकट्या मापापेक्षा मापांच्या मालिकेला अधिक अर्थ असतो, हे तत्त्व यातून पक्के झाले.

वंगण व जड इंधन : साध्या खनिज तेलाचे उष्णतेने चिकट थर बनून कड्या अडकत. १९३५ च्या सुमारास अमेरिकेत काजळी विखुरलेल्या स्थितीत ठेवणारी रसायने मिसळलेली तेले बाजारात आली व हा दोष बराच कमी झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर याहून मोठा बदल घडला. ब्रिटिश अभियंते जॉन लॅम यांच्या पुढाकाराने ‘ऑरिक्युला’ या तेलवाहू जहाजावर १९४६ पासून डीझेल तेलाऐवजी स्वस्त जड अवशिष्ट तेल वापरण्याचे प्रयोग झाले. हे तेल तापवून पातळ करणे, केंद्रोत्सारी यंत्रातून त्यातील पाणी व गाळ काढणे आणि मगच फवारणे आवश्यक असते. त्यातील गंधकापासून ज्वलनानंतर सल्फ्यूरिक अम्ल तयार होऊन अस्तराची झीज अनेक पटींनी वाढू लागली. १९५० नंतरच्या दशकात क्षारधर्मी सिलिंडर तेले प्रचारात आल्यावर ती आटोक्यात आली. इंधनावरील बचतीचा काही भाग अशा रीतीने वंगण, शुद्धीकरण व श्रम यांवर खर्च करावा लागला. तरीही एकूण हिशेब फायद्याचा ठरल्याने जड तेलाचा वापर जगभर पसरला.

१९४७ चा अपघात : ११ सप्टेंबर १९४७ रोजी ‘रेना देल पॅसिफिको’ या प्रवासी जहाजाची मोठ्या दुरुस्तीनंतर उत्तर आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ चाचणी चालू असताना त्याच्या चारही एंजिनांच्या भुजापेट्यांत स्फोट झाले आणि २८ जणांचा मृत्यू झाला. एका दट्ट्याचे अतितापन हे त्याचे मूळ कारण होते. तापलेल्या भागावर पडलेल्या वंगण तेलाची वाफ होते. ती थंड जागी गेल्यावर तिचे धुके बनते आणि त्याचे प्रमाण पुरेसे वाढल्यावर तोच तापलेला भाग ते धुके पेटवितो. पहिल्या स्फोटाने पेटीचे दार उडाल्यास बाहेरची हवा आत शिरून दुसरा, अधिक विनाशक स्फोट होऊ शकतो.

या अपघातानंतर स्फोटाचा दाब मोकळा करून ज्वाला बाहेर येऊ न देणाऱ्या सुरक्षा झडपांवर व तेलाच्या धुक्याची आगाऊ सूचना देणाऱ्या उपकरणांवर भर देण्यात आला. एंजिनकक्ष काही काळ माणसांविना चालविले जाणाऱ्या जहाजांवर २,२५० किवॉ. किंवा त्याहून अधिक शक्तीच्या अथवा ३०० मिमी. हून अधिक व्यासाचे सिलिंडर असलेल्या एंजिनांना असे उपकरण, धारव्यांचे तापमान दर्शविणारी योजना किंवा तत्सम साधन आंतरराष्ट्रीय नियमांनुसार बसवावे लागते. धुक्याची सूचना मिळताच एंजिन मंद करून थांबवावे व ते पुरेसे थंड होईपर्यंत, निदान वीस मिनिटे, भुजापेटीचे दार उघडू नये, हा नियम प्रत्येक प्रशिक्षणार्थीस शिकविला जातो. बिघाड झालेला पाहताच एंजिन उघडण्याची चालकाची स्वाभाविक प्रवृत्ती येथे प्राणघातक ठरते.

वेळापत्रक व त्याच्या मर्यादा : ठराविक तास चालल्यानंतर ठराविक भाग उघडावयाचा, ही पद्धत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सर्वमान्य झाली होती. वारंवार उघडल्याने यंत्र अधिक विश्वसनीय होते, हे तिच्यामागील गृहीत होते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या सागरी विभागात काम करणारे जीववैज्ञानिक सी. एच्. वॉडिंग्टन (१९०५–७५) व त्यांच्या सहकाऱ्यांनी विमानांच्या दुरुस्तीच्या नोंदी तपासल्या, तेव्हा नियतकालिक तपासणीच्या लगेच नंतर बिघाडांचे प्रमाण वाढते व मग ते हळूहळू कमी होते, असे आढळून आले. चांगले बसलेले भाग विनाकारण सुटे केल्यानेही दोष निर्माण होतात, असा याचा अर्थ होता. १९७८ मध्ये अमेरिकेत एफ्. एस्. नोलन व एच्. एफ्. हीप यांनी विमानांच्या अनुभवावर आधारलेल्या अहवालात देखभालीची आखणी बिघाडाचे स्वरूप व परिणाम पाहून करावी, हा विचार पद्धतशीरपणे मांडला. डीझेल एंजिनांच्या क्षेत्रातही हा विचार रुजला.

तेलाच्या परीक्षणावरून निदान : एंजिन न उघडता निदान करण्याचे एक प्रभावी साधन रेल्वेने दिले. १९४० नंतरच्या दशकात अमेरिकेतील डेन्व्हर अँड रिओ ग्रँड वेस्टर्न या रेल्वेच्या प्रयोगशाळेत वापरलेल्या वंगण तेलाचे वर्णपटलेखन करून त्यातील धातूंचे प्रमाण मोजण्यात येऊ लागले. लोखंड वाढल्यास अस्तर किंवा कड्या, तांबे व शिसे वाढल्यास धारवे, ॲल्युमिनियम वाढल्यास दट्ट्या यांच्या झिजेची शंका येते. सिलिकॉन आढळल्यास हवेच्या गाळणीतून धूळ आत येत असल्याचे समजते; शीतक पाण्यात मिसळलेल्या रसायनांचे अंश आढळल्यास पाण्याची गळती सूचित होते. येथेही एका नमुन्यावरून निष्कर्ष न काढता लागोपाठच्या नमुन्यांतील बदल पाहतात.

भारतातील अनुभव : वाराणसी येथे १९६१ मध्ये डीझेल रेल्वे एंजिनांचा कारखाना स्थापन झाला व १९६४ च्या जानेवारीत तेथील पहिले एंजिन बाहेर पडले. अमेरिकेतील ॲल्को कंपनीच्या आराखड्याचे, १६ सिलिंडरांचे, २,६०० अश्वशक्तीचे डीझेल एंजिन बसविलेला ‘डब्ल्यूडीएम-२’ हा नमुना पुढे अनेक दशके भारतीय रेल्वेचा आधार होता. त्यासाठी पुणे, कल्याण इ. ठिकाणी देखभाल शेड उभारण्यात आल्या आणि मोठ्या दुरुस्तीचे काम परळसारख्या कारखान्यांत होऊ लागले. वाफ एंजिनांवर तयार झालेल्या कारागिरांना येथे वेगळी शिस्त आत्मसात करावी लागली. वाफ एंजिनाचा बिघाड पुष्कळदा आवाजावरून व गळतीवरून कळे; डीझेल एंजिनात मात्र घट्ट करावयाच्या खिळीचा पिळ, फवाऱ्याचा दाब व तेलाचा अहवाल यांवर विश्वास ठेवावा लागे. खेपेनंतरची, मासिक, काही महिन्यांची व वार्षिक अशी तपासण्यांची उतरंड ठरविण्यात आली आणि शेडमधील प्रयोगशाळा देखभालीचे अविभाज्य अंग बनली. उन्हाळ्यातील धूळ व पावसाळ्यातील दमटपणा यांमुळे हवेच्या गाळण्या व विद्युत् भाग यांकडे अधिक लक्ष पुरवावे लागे. २०१८ मध्ये रुंदमापी मार्गांच्या संपूर्ण विद्युतीकरणाचा निर्णय झाल्यानंतर रेल्वेतील डीझेल एंजिनांचे महत्त्व झपाट्याने कमी झाले.

अलीकडील प्रगती : २००६ मध्ये ‘एमा मर्स्क’ या जहाजावर बसविलेल्या १४ सिलिंडरांच्या एंजिनाची शक्ती ८०,०८० किवॉ. असून त्याच्या सिलिंडराचा व्यास ९६ सेंमी. व दट्ट्याचा फेरा २·५ मी. आहे. अशा मंदगती एंजिनांत दाब, तापमान व झीज यांची माहिती संवेदकांद्वारे सतत मिळविता येते आणि चांगल्या परिस्थितीत दट्ट्या कित्येक वर्षे न उघडता चालू शकतो. तरीही नवे प्रश्न निर्माण होतातच. १ जानेवारी २०२० पासून जहाजांच्या इंधनातील गंधकाची मर्यादा सर्वसाधारणपणे ०·५० टक्क्यांवर आणण्यात आली. त्यामुळे अम्लाने होणारी झीज घटली. मात्र वंगणाची क्षारता नव्या इंधनाला अनुरूप ठेवावी लागते, कारण जादा क्षाराचे कठीण थर दट्ट्यावर साचतात. शुद्धीकरण कारखान्यांतील उत्प्रेरकाचे ॲल्युमिनियम व सिलिकॉनयुक्त कठीण कण इंधनात राहिल्यास अस्तरे थोड्याच काळात निकामी होऊ शकतात. या कणांविरुद्ध मुख्य उपाय अजूनही टाक्यांतील गाळ वेळच्या वेळी काढणे व केंद्रोत्सारी यंत्र नीट चालविणे हाच आहे.

जहाजांच्या सुरक्षित व्यवस्थापनाविषयीची आंतरराष्ट्रीय संहिता १९९८ पासून टप्प्याटप्प्याने बंधनकारक झाली व तीनुसार देखभालीची आखणी आणि नोंद ठेवणे ही जहाजकंपनीची जबाबदारी ठरली. नोंदवह्यांची जागा आता बव्हंशी संगणकाने घेतली आहे. परंतु दर पाळीला माप घेणे, ते जसेच्या तसे लिहिणे आणि आदल्या मापाशी ताडून पाहणे, हा देखभालीचा पाया कायम आहे. खोटी किंवा अंदाजाने भरलेली नोंद पुढील अभियंत्याला नोंद नसण्यापेक्षाही अधिक फसविते. कारण एंजिन न उघडण्याचा निर्णय याच नोंदींच्या भरवशावर घेतलेला असतो.