बुद्धिबळाची परिभाषा

बुद्धिबळाचा पट, मोहरे, त्यांच्या चाली आणि डावात उद्भवणाऱ्या स्थिती यांसाठी खेळाडू, पंच व समालोचक ज्या संज्ञा वापरतात, त्यांचा हा परिचय. मराठी खेळाडूच्या बोलण्यात शह, मात, वजीर, प्यादे हे जुने शब्द आणि पिन, फोर्क, गॅम्बिट हे अलीकडचे शब्द एकाच वाक्यात येतात : ‘घोडा पिन झालाय, हलवला तर वजीर जातो.’ बहुतेक संज्ञांच्या मुळाशी सक्ती असते. अमुक खेळीनंतर प्रतिस्पर्ध्याला काय करणे भाग आहे आणि काय करण्याची मुभा उरलेली नाही, हे त्या एका शब्दात सांगतात. हे ध्यानात ठेवून वाचले, तर पाठांतराची गरज फारशी पडत नाही.

पटावर ६४ घरे असतात. उभ्या पट्ट्यांना ए ते एच ही अक्षरे आणि आडव्या ओळींना १ ते ८ हे आकडे असतात. त्यामुळे प्रत्येक घराला नाव मिळते आणि डाव लिहून ठेवता येतो. पट मांडताना प्रत्येक खेळाडूच्या उजव्या हाताला पांढरे घर यायला हवे. मोहऱ्यांची ढोबळ किंमत प्याद्यांत मोजतात : घोडा व उंट प्रत्येकी ३, हत्ती ५, वजीर ९. राजाला किंमत नाही, कारण तो मारला जात नाही. एखाद्या मोहऱ्याच्या पाठीशी आपलाच दुसरा मोहरा असला, तर त्याला ‘जोर’ आहे असे म्हणतात. बिनजोराचा मोहरा फुकट जातो.

राजावर थेट हल्ला म्हणजे शह. त्याला तीनच उत्तरे आहेत : राजा हलवणे, मध्ये मोहरा घालणे किंवा शह देणारा मोहरा मारणे. घोड्याचा शह अडवता येत नाही, कारण तो मधल्या घरांवरून उडी मारतो. एखादा मोहरा सरकताच त्याच्या मागच्या मोहऱ्याचा शह बसला, तर तो डिस्कव्हर्ड चेक. सरकलेल्या मोहऱ्यानेही त्याच वेळी शह दिला, तर दुहेरी शह होतो आणि राजा हलवण्यावाचून गत्यंतर नसते. शह चुकवता चुकवता प्रतिस्पर्ध्यालाच शह दिला, तर तो काटशह. राजकारणाच्या बातम्यांत हा शब्द इतका रुळला आहे, की त्याचा पटावरचा नेमका अर्थ मागे पडला. तिन्हींपैकी एकही उत्तर नसलेला शह म्हणजे मात.

पुढच्या बऱ्याच संज्ञा एका डावात एकत्र भेटतात. १८५८ मध्ये पॅरिसच्या ऑपेरागृहात अमेरिकन खेळाडू पॉल मॉर्फी पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळत होता. समोर ब्रन्सविकचा ड्यूक व काउंट इझुआर सल्लामसलत करून काळे मोहरे चालवत होते. डाव १७ खेळ्यांत संपला. नवशिक्याला परिभाषा शिकवायची, तर याहून चांगला डाव मला माहीत नाही.

नवव्या खेळीला काळ्याने बी ५ वर प्यादे ढकलून पांढऱ्या उंटाला हुसकावू पाहिले. मॉर्फीने उंट मागे घेण्याऐवजी घोड्याने ते प्यादे मारले. काळ्याने घोडा मारला, तेव्हा उंटाने बी ५ वर दुसरे प्यादे मारून शह दिला. दोन प्याद्यांच्या बदल्यात घोडा जाणूनबुजून सोडणे, याला बलिदान म्हणतात. काळ्याने डी ७ वर घोडा मध्ये घातला आणि तो तिथेच पिन झाला : तो हलला तर राजावर शह बसतो, म्हणून नियमानेच हलू शकत नाही. एफ ६ वरचा दुसरा घोडाही पिन होता, पण वेगळ्या प्रकारे. त्याच्यामागे वजीर होता. हा घोडा हलवायला नियमाची आडकाठी नव्हती, हलवला तर वजीर गमवावा लागला असता. पहिली पिन पूर्ण, दुसरी सापेक्ष.

मग मॉर्फीने वजिराच्या बाजूला कॅसलिंग, म्हणजे किल्लेकोट केला. यात राजा दोन घरे सरकतो आणि हत्ती त्याच्यावरून पलीकडे येतो. दोघेही आधी हललेले नसावेत, मधली घरे रिकामी असावीत, राजाला शह नसावा, आणि तो ज्या घरावरून जातो किंवा ज्या घरात थांबतो तिथे प्रतिस्पर्ध्याचा मारा नसावा, या अटी आहेत. मॉर्फीचा राजा सुरक्षित झाला आणि त्याच खेळीत हत्ती डी पट्टीवर येऊन पिन झालेल्या घोड्यावर रोखला गेला. एका खेळीत दोन कामे साधली, की ‘टेम्पो मिळाला’ असे म्हणतात. काळ्याने हत्तीचा जोर दिला, मॉर्फीने आपला हत्ती देऊन घोडा उडवला आणि त्याच पट्टीवर दुसरा हत्ती आणला. आता डी ७ वरचा काळा हत्ती पिन झाला. उंटाने तो हत्ती शह देत मारला, घोड्याने उंट मारला, आणि वजीर बी ८ वर जाऊन पुन्हा शह देता झाला. घोड्याने वजीर मारणे ही काळ्याची एकमेव खेळी होती. ती होताच डी पट्टी मोकळी झाली आणि हत्तीने डी ८ वर मात केली. त्या हत्तीला जी ५ वरच्या उंटाचा जोर होता. राजा व प्यादी सोडली तर पांढऱ्याकडे एवढेच दोन मोहरे उरले होते. काळ्याकडे वजीर, हत्ती, उंट आणि घोडा होते, पण त्यांपैकी एफ ८ वरचा उंट आणि एच ८ वरचा हत्ती शेवटपर्यंत जागचे हललेच नाहीत. मोहरे बाहेर काढणे, म्हणजे डेव्हलपमेंट, याला शिक्षक एवढे महत्त्व का देतात, ते इथे कळते.

फोर्क म्हणजे एकाच मोहऱ्याने एकाच वेळी दोघांवर मारा करणे. राजा आणि वजीर यांच्यावर पडलेला घोड्याचा फोर्क सर्वांत जिव्हारी लागतो. पुढच्या मोठ्या मोहऱ्याला हलायला लावून मागचा मारणे म्हणजे स्क्युअर. सुरुवातीलाच प्यादे देऊ करून वेगवान खेळ मिळवणे म्हणजे गॅम्बिट. एन पासां हा प्याद्यांपुरता नियम आहे : प्रतिस्पर्ध्याचे प्यादे दोन घरे चालून आपल्या प्याद्याच्या शेजारी आले, तर ते एकच घर चालले आहे असे समजून मारता येते, पण फक्त लगेचच्या खेळीत. समोरच्या शेवटच्या ओळीत पोचलेल्या प्याद्याचा वजीर होतो. हवा तर हत्ती, उंट किंवा घोडाही घेता येतो.

बरोबरीचे अनेक मार्ग आहेत. परस्परसंमती, एकच स्थिती तिसऱ्यांदा येणे, दोन्ही बाजूंच्या ५० खेळ्यांत एकही मोहरा न मरणे व प्यादे न हलणे, हे त्यांतले काही. सतत शह देत राहिल्यानेही डाव याच मार्गाने बरोबरीकडे जातो. स्टेलमेट मात्र मुळापासून समजून घ्यावा. राजाला शह नाही, पण खेळायला एकही नियमबद्ध खेळी नाही, अशी ती कोंडी असते आणि तिथे डाव बरोबरीत सुटतो. काळा राजा डी ८ वर, पांढरे प्यादे डी ७ वर आणि पांढरा राजा ई ६ वर, एवढेच मोहरे पटावर मांडून पाहावे. खेळी पांढऱ्याची असेल, तर राजा डी ६ वर नेताच स्टेलमेट होतो, आणि इतर कुठेही नेला तर प्यादे जाते. दोन्हीकडून बरोबरी. हीच स्थिती, पण खेळी काळ्याची असेल, तर त्याला सी ७ हे एकच घर आहे. तो तिथे गेला की पांढरा राजा ई ७ वर येतो आणि प्याद्याचा वजीर होणे टळत नाही. काळ्याला ‘पास’ म्हणता आले असते, तर तो वाचला असता. खेळावे लागते म्हणूनच हरण्याच्या या अवस्थेला झुगझ्वांग हा जर्मन शब्द जगभर वापरतात.

आपल्याकडच्या पारंपरिक खेळात कॅसलिंग नव्हते. प्यादे पहिल्या खेळीतही एकच घर चाले, आणि राजाला डावात एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी घेता येई. पंजाबचे मीर सुलतान खान याच नियमांवर वाढले. आंतरराष्ट्रीय नियम त्यांनी नंतर आत्मसात केले आणि १९२९, १९३२ व १९३३ मध्ये ब्रिटिश अजिंक्यपद जिंकले. ही कामगिरी आजही थक्क करते.

स्पर्धेच्या सभागृहात आणखी काही शब्द कानी पडतात. टच-मूव्ह : हात लावला तो मोहरा चालवायचाच. नुसता सरळ करायचा असेल, तर आधी ‘अ‍ॅडजस्ट’ म्हणावे. टाइम ट्रबल : घड्याळात वेळ संपत आल्याची घालमेल. एलो गुणांकन हे अर्पाद एलो यांच्या नावावरून आले आणि फिडे या जागतिक महासंघाने ते १९७० मध्ये स्वीकारले. ग्रँडमास्टर किताबासाठी सामान्यतः २५०० गुणांकन आणि नॉर्म, म्हणजे ठरावीक दर्जाच्या स्पर्धांत ठरावीक कामगिरी, लागते. काही मोठ्या स्पर्धांचे विजेतेपद मात्र हा किताब थेट मिळवून देते. नागपूरची दिव्या देशमुख २०२५ मध्ये बातुमी येथे महिला विश्वचषक जिंकून याच वाटेने ग्रँडमास्टर झाली.